विश्लेषण : ‘टाइम मशीन’चे लेखक वेल्स शिशाच्या सैनिकांशी का खेळत?

बोटाएवढा सैनिक हातात घ्यायचा, बारीक ब्रशने त्याचा कोट, पट्टा, बूट रंगवायचे, अशी शे-दीडशे जणांची फौज उभी करायची आणि मग टेबलावर मांडलेल्या टेकड्या-घरांमधून ती समोरच्याच्या फौजेवर न्यायची. ‘मिनिएचर वॉरगेमिंग’ नावाचा हा छंद आज कोट्यवधी पौंडांचा उद्योग आहे. ‘वॉरहॅमर’ या खेळाची मालक असलेली नॉटिंगहॅमची ‘गेम्स वर्कशॉप’ ही कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये लंडन शेअर बाजाराच्या ‘एफटीएसई १००’ निर्देशांकात जाऊन बसली. या छंदाचे पहिले गाजलेले नियमपुस्तक मात्र कुठल्या कंपनीने नव्हे, तर एका कादंबरीकाराने लिहिले होते. मंगळावरचे परग्रहवासी इंग्लंडवर सोडणारे एच. जी. वेल्स हेच ते लेखक. पुस्तक आले १९१३ मध्ये. पुढच्याच वर्षी खरे महायुद्ध पेटले आणि गालिचावर लढाया खेळणाऱ्या या लेखकाला त्या युद्धाबद्दल भूमिका घ्यावी लागली. ती भूमिका कोणती होती, आणि पुढे त्यांना स्वतःलाच ती कशी वाटली?

वेल्स यांचे बालपण कसे गेले?

हर्बर्ट जॉर्ज वेल्स यांचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी लंडनजवळच्या ब्रोमली गावात झाला. घरात सगळे त्यांना ‘बर्टी’ म्हणत. आई सारा मोठ्या घरांमध्ये नोकरी केलेली. वडील जोसेफ यांचे चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान होते, ते फारसे चालत नसे. त्याच दुकानात ते क्रिकेटचे साहित्यही विकत, कारण ते स्वतः केंटकडून खेळणारे व्यावसायिक गोलंदाज होते. १८६२ मध्ये ससेक्सविरुद्ध त्यांनी सलग चार चेंडूंवर चार बळी घेतले. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये असे पहिल्यांदाच घडत होते. मुलगा जगप्रसिद्ध झाला नसता तरी क्रिकेटच्या नोंदींत हे आडनाव राहिलेच असते.

१८७४ मध्ये बर्टीचा पाय मोडला आणि तो कित्येक आठवडे अंथरुणावर पडून राहिला. वडील वाचनालयातून पुस्तके आणून देत. वाचनाची गोडी तेव्हाच लागली, असे वेल्स पुढे सांगत. तीन वर्षांनी वडिलांची मांडी मोडली, क्रिकेट संपले आणि त्याबरोबर घरातला रोख पैसाही आटला. आईने ससेक्समधल्या ‘अपपार्क’ या जमीनदाराच्या वाड्यात कारभारणीची नोकरी धरली आणि मुलांची पांगापांग झाली.

याच वयात बर्टीच्या डोक्यात लढाया सुरू झाल्या. ब्रोमलीच्या आसपासच्या टेकड्यांवरून, शेतांमधून एकटा भटकताना तो मनातल्या मनात मोठमोठ्या फौजांचा सेनापती होई. शत्रूला कुठे अडवायचे, तोफा कुठल्या उंचवट्यावर चढवायच्या, हे तो चालता चालता ठरवी. रस्त्यावरच्या माणसांना दिसे तो फक्त एक किडकिडा, शिट्टी वाजवत चाललेला पोरगा.

प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला आले कापडाचे दुकान. १८८१ ते १८८३ अशी दोन वर्षे त्याने साउथसीच्या एका कापड दुकानात उमेदवारी केली. रोजचे १३ तासांचे काम, रात्री इतर मुलांबरोबर एकाच मोठ्या खोलीत झोपणे. तो शेवटी ते सोडून निघालाच. मिडहर्स्टच्या शाळेत शिकत-शिकवत त्याने शिष्यवृत्ती मिळवली आणि १८८४ मध्ये लंडनच्या ‘नॉर्मल स्कूल ऑफ सायन्स’मध्ये दाखल झाला. तिथे जीवशास्त्र शिकवायला होते टी. एच. हक्स्ली, म्हणजे डार्विनचे सर्वांत खंदे पाठीराखे. कापडाचे ठाण मोजणारा मुलगा उत्क्रांती शिकू लागला. पुढे जे काही घडले त्याचे मूळ या एका वर्षात आहे.

लेखक म्हणून नाव कसे झाले?

हा भाग सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे थोडक्यात. ‘द टाइम मशीन’ १८९५ मध्ये, ‘द इनव्हिजिबल मॅन’ १८९७ मध्ये आणि ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ १८९८ मध्ये आली. तिशी ओलांडताना वेल्स श्रीमंत नसले तरी निश्चिंत झाले होते. चुलत बहीण इझाबेलशी झालेले पहिले लग्न तोवर मोडले होते. १८९५ मध्ये त्यांनी आपली विद्यार्थिनी एमी कॅथरीन रॉबिन्स यांच्याशी लग्न केले. वेल्स त्यांना ‘जेन’ म्हणत. सँडगेट या समुद्रकाठच्या गावात त्यांनी ‘स्पेड हाऊस’ हे घर बांधले. १९०१ मध्ये जॉर्ज फिलिप ऊर्फ ‘जिप’ आणि १९०३ मध्ये फ्रँक, अशी दोन मुले झाली.

युद्ध त्यांच्या लिखाणातून कधी गेले नाही. १९०३ मध्ये त्यांनी ‘द लँड आयर्नक्लॅड्स’ ही कथा लिहिली. खंदकांवरून चालत जाणारी, पोलादी कवच असलेली अवजड लढाऊ यंत्रे त्यात आहेत. ब्रिटिश सैन्याचे रणगाडे युद्धभूमीवर पहिल्यांदा उतरले ते सप्टेंबर १९१६ मध्ये.

खेळाची सुरुवात कशी झाली?

ती झाली एका दुपारच्या जेवणानंतर. वेल्स यांच्याकडे विनोदी लेखक जेरोम के. जेरोम आले होते. ‘थ्री मेन इन अ बोट’ लिहिणारे तेच. मुलांची खेळणी जमिनीवर पसरलेली होती. त्यात एक छोटी तोफ होती. ती स्प्रिंगवर चाले आणि साधारण इंचभर लांबीचा लाकडी दांडका अचूक फेके. जेरोम यांनी एका खेळण्यातल्या सैनिकावर नेम धरला आणि मग कोण जास्त पाडतो याची चुरस लागली. नुसती नेमबाजी पुरेना, तेव्हा सैनिक हलवायचे कसे याचा विचार सुरू झाला. गालिचावर विश्वकोशाचे जाडजूड खंड ठेवून टेकड्या केल्या गेल्या. दोन प्रौढ, नावाजलेले लेखक जमिनीवर पोटावर पडून लढू लागले.

त्याआधी असे कोणी खेळलेच नव्हते, असे नाही. ‘ट्रेझर आयलंड’चे लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमधल्या दाव्होस इथे आपल्या सावत्र मुलाबरोबर कथिलाच्या सैनिकांच्या मोहिमा खेळत. प्रशियाचे लष्कर १८२० च्या दशकापासून ‘क्रीगश्पील’ नावाच्या नकाशावरच्या खेळातून अधिकाऱ्यांना शिकवत होते. त्याहीआधी १७८० मध्ये जर्मनीत हेल्विग यांनी बुद्धिबळाचा पट वाढवून युद्धखेळ तयार केला होता. बुद्धिबळाचे मूळ आपल्या चतुरंगात आहे. म्हणजे पायदळ, घोडदळ, हत्ती, रथ यांची पटावरची लढाई जगभर फिरून वेल्स यांच्या गालिचावर पोहोचली होती, असे म्हणायला हरकत नाही.

हे सैनिक कोण बनवत आणि कोण रंगवत?

वेल्स यांचा खेळ उभा राहिला तो एका कारखानदारी युक्तीमुळे. १८९० पर्यंत इंग्लंडमधल्या मुलांकडे येणारे शिशाचे सैनिक मुख्यतः जर्मनीचे, आतून भरीव आणि महाग असत. १८९३ मध्ये लंडनच्या ‘डब्ल्यू. ब्रिटन’ या कुटुंबाच्या कंपनीने पोकळ ओतकाम सुरू केले. वितळलेला धातू साच्यात ओतायचा, साचा हलवायचा आणि लगेच उरलेला धातू बाहेर ओतून टाकायचा. साच्याला टेकलेला थर तेवढा थंड होऊन घट्ट होतो, आत पोकळी राहते. धातू कमी लागतो, वजन घटते, किंमत उतरते. सैनिकाची उंची ५४ मिलिमीटर, म्हणजे खऱ्या माणसाच्या साधारण बत्तिसाव्या हिश्श्याची. हेच माप पुढे खेळण्यातल्या सैनिकांचे ठरीव माप झाले.

साच्यातून निघालेला सैनिक राखाडी असे. त्याला गार्ड, हायलँडर किंवा लान्सर बनवायचा तो रंगाने. हे काम बहुतांश बायका करत आणि त्यातल्या अनेक जणी ते घरी नेऊन, नगावर मजुरी घेऊन करत. चकचकीत इनॅमल रंग, लाल कोट, काळी टोपी, गालावर गुलाबी ठिपका. एकेका रंगाचे फटकारे ओळीने सगळ्या डझनावर मारायचे आणि मग पुढचा रंग घ्यायचा. एकेक सैनिक पूर्ण करत बसले तर मजुरी परवडणार नाही. आजही एखादी मोठी फौज रंगवायला घेणारे हौशी लोक हीच पद्धत वापरतात.

साम्राज्याचा नकाशाही या खोक्यांतून दिसे. ब्रिटिश रेजिमेंटांच्या जोडीला कंपनीच्या यादीत हिंदी फौजाही होत्या. मद्रास आणि बंगालच्या बरोबरीने ‘बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री’चे शिशाचे शिपाई लंडनच्या दुकानांत विकायला होते.

वेल्स यांची तक्रार वेगळीच होती. १९११ मध्ये आलेल्या ‘फ्लोअर गेम्स’ या पुस्तकात, मुलांबरोबर ते जमिनीवर बेटे आणि शहरे कशी उभारतात हे त्यांनी सांगितले आहे. त्यात ते दुकानदारांवर चिडतात. जिकडे पाहावे तिकडे सैनिकच. पोस्टमन, खाटीक, बेकरीवाला अशी साधी माणसे का मिळत नाहीत? शहर वसवायचे तर त्यात नागरिक नकोत का? दोन वर्षांनी याच माणसाने निव्वळ सैनिकांचे पुस्तक लिहिले, ही गंमत आहेच.

‘लिटल वॉर्स’चे नियम काय होते?

नियम मोजके आहेत आणि इंजिनीअरच्या नजरेने पाहिले तर सुरेख आहेत. रणभूमी कोणी मांडायची हे नाणेफेकीने ठरते. जो मांडतो त्याला बाजू निवडता येत नाही. ती दुसरा निवडतो. त्यामुळे मांडणाऱ्याला दोन्ही बाजू सारख्या ठेवाव्याच लागतात. सैन्य लावताना मधोमध पडदा असतो. पायदळ एका चालीत एक फूट जाते, घोडदळ दोन फूट. तोफेजवळ सहा इंचांच्या आत आपली किमान चार माणसे असतील तरच ती चालते आणि एका पाळीत चार गोळे टाकू शकते. प्रत्येक चालीला वेळेचे बंधन आहे: दर ३० माणसांमागे एक मिनिट आणि दर तोफेमागे एक मिनिट. ११० माणसे आणि तीन तोफा असतील तर सात मिनिटे. घड्याळ धरलेला माणूस वेळ संपल्याचे सांगतो आणि जी माणसे हलली नाहीत ती तिथेच राहतात.

दोन फौजा एकमेकांना भिडल्या की एकास एक याप्रमाणे माणसे काढून टाकली जातात. सुरुवातीला वेल्स यांनी इथे नशिबावर निकाल ठेवून पाहिला होता, पण नंतर तो काढला. नशिबाला उरली ती एकच जागा, म्हणजे तोफेचा नेम. ती तोफ ‘डब्ल्यू. ब्रिटन’चीच, ४.७ इंची नौदल तोफेची प्रतिकृती. नऊ यार्डांवरून दहापैकी नऊ वेळा सैनिक पाडता येतो, असे वेल्स सांगतात.

हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. तोफ २७ फुटांवरून मारते आणि पायदळ एका चालीत फूटभर सरकते. उघड्या मैदानातून चालत जाणाऱ्या पलटणीचे काय होणार? खेळ शिकणारा नवखा माणूस पहिल्याच डावात ओळीने उभी केलेली फौज गमावतो आणि मग घरांच्या, टेकड्यांच्या आडून जायला शिकतो. १९१४ मध्ये युरोपातल्या सेनापतींना हे कळायला काही लाख माणसे लागली. खेळाची तुलना युद्धाशी करू नये हे खरे, पण हा नियम वाचताना ती टाळता येत नाही.

खुद्द वेल्स यांनाही ती टाळता आली नाही. पुस्तकाच्या शेवटी त्यांचा सूर एकदम बदलतो. हा खेळ तीन-चार वेळा खेळून पाहिला की खरे महायुद्ध किती गोंधळाची आणि मूर्खपणाची गोष्ट असेल ते समजते, अशा अर्थाचे ते लिहितात. युद्धाची भाषा करणाऱ्या राजांना आणि देशभक्तीने पेटलेल्या पुढाऱ्यांना एका प्रचंड दालनात कोंडावे, तिथे भरपूर झाडे, घरे, किल्ले आणि तळघरे भरतील इतके शिशाचे सैनिक द्यावेत आणि बाकीच्या जगाने आपल्या कामाला लागावे, अशी त्यांची सूचना आहे. गंमत म्हणजे त्याच पुस्तकाच्या परिशिष्टात ते हा खेळ लष्करी प्रशिक्षणासाठी कसा वाढवता येईल हेही सांगतात आणि सल्ल्याबद्दल कर्नल मार्क साइक्स यांचे आभार मानतात. अरब प्रदेशांची वाटणी करणाऱ्या १९१६ च्या ‘साइक्स-पिको’ करारातले साइक्स ते हेच.

महायुद्ध सुरू झाल्यावर काय झाले?

४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. त्याच दिवशी वेल्स यांना लेखिका रिबेका वेस्ट यांच्यापासून अँथनी हा मुलगा झाला. विवाहबाह्य संबंध हा वेल्स यांच्या आयुष्यातला मोठा आणि त्यांच्या निकटच्या स्त्रियांना महागात पडलेला भाग आहे. जेन यांना त्याची कल्पना होती, एवढेच इथे पुरे.

युद्धाला मूर्खपणा म्हणणारा लेखक आता गप्प बसेल किंवा विरोध करेल, असे वाटले असते. झाले उलटे. पहिल्या काही दिवसांतच त्यांनी युद्धाच्या बाजूने घणाघाती लेख लिहिले आणि ते लगेच ‘द वॉर दॅट विल एंड वॉर’ या नावाने पुस्तकरूपाने आले. जर्मन लष्करशाही एकदा मोडली की पुढे युद्धेच होणार नाहीत, हा त्यांचा दावा. हे शीर्षक जगभर घोषणा म्हणून पसरले आणि काही वर्षांतच ती घोषणा कुत्सितपणे उच्चारली जाऊ लागली. १९१६ मध्ये वेल्स यांनी इटली आणि फ्रान्सच्या आघाड्या पाहिल्या. त्याच वर्षी ‘मिस्टर ब्रिटलिंग सीज इट थ्रू’ ही कादंबरी आली. तिचा नायक वेल्स यांच्यासारखाच लेखक आहे आणि त्याचा तरुण मुलगा युद्धात मारला जातो. वेल्स यांची स्वतःची मुले वाचली, कारण ती लहान होती. युद्ध सुरू झाले तेव्हा जिप तेरा वर्षांचा होता, संपले तेव्हा सतरा. गालिचावरच्या लढाया खेळून वाढलेल्या, पण जिपहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असलेल्या मुलांना मात्र ही सवलत मिळाली नाही.

१९१८ मध्ये वेल्स काही महिने शत्रुराष्ट्रांसाठीच्या सरकारी प्रचारखात्यात होते. वृत्तपत्रांतून चाललेला जर्मनद्वेष आणि आपली भूमिका यांचा मेळ बसेना, तेव्हा ते बाहेर पडले. त्यानंतरचा त्यांचा बहुतेक वेळ राष्ट्रांच्या पलीकडच्या जागतिक व्यवस्थेची कल्पना मांडण्यात गेला. कोणत्याही एका देशाच्या गौरवासाठी नसलेला, साऱ्या मानवजातीचा इतिहास लोकांनी वाचावा म्हणून त्यांनी ‘द आउटलाइन ऑफ हिस्टरी’ लिहिले.

त्यांना स्वतःच्या खेळाबद्दल नंतर काय वाटले?

याचे उत्तर १९३४ च्या त्यांच्या आत्मचरित्रात आहे आणि ते अस्वस्थ करणारे आहे. ब्रोमलीच्या शेतांमधून मनातल्या फौजा चालवणारा तेरा वर्षांचा पोरगा वेल्स तिथे पुन्हा उभा करतात. मग ते म्हणतात, की जर्मनीत सत्तेवर आलेला हिटलर म्हणजे आपल्याच त्या वयातले एखादे दिवास्वप्न खरे झाल्यासारखा आहे. १९१४ पर्यंत आपण जो खेळ खेळत होतो त्यात त्या जुन्या स्वप्नांचीच चव होती, अशी कबुलीही ते देतात. साधारण १९१६ ते १९२० च्या दरम्यान आपण त्या अवस्थेतून बाहेर आलो आणि युद्धाचा विचार जबाबदार प्रौढासारखा करू लागलो, असे समजायला आपल्याला आवडते, असे ते सांगतात. वयाच्या पन्नाशीत! सहसा लेखक आपल्या जुन्या भूमिकेचे समर्थन करतात. वेल्स यांनी आपल्या पोरकटपणाला तारीख घातली.

नाझींनी १९३३ मध्ये त्यांची पुस्तके जाळली. ब्रिटन जिंकल्यावर अटक करायच्या लोकांची नाझींची यादी युद्धानंतर सापडली, तिच्यातही वेल्स होते. १९१४ च्या ‘द वर्ल्ड सेट फ्री’ या कादंबरीत त्यांनी अणुबॉम्ब हा शब्द आणि कल्पना दोन्ही वापरली होती. ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा झाले तेव्हा ते हयात होते. १३ ऑगस्ट १९४६ रोजी लंडनमधल्या राहत्या घरी त्यांचे निधन झाले. जिप तोवर नावाजलेला प्राणिशास्त्रज्ञ झाला होता.

आजच्या खेळात वेल्स यांचे काय उरले आहे?

पुस्तक टिकले. १९५६ च्या एका ब्रिटिश वृत्तपटात अभिनेते पीटर कुशिंग ‘लिटल वॉर्स’च्या नियमांनी आपल्या सैनिकांशी खेळताना दिसतात; पुढे ‘स्टार वॉर्स’मध्ये ग्रँड मॉफ टार्किन झालेले तेच कुशिंग. १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांचे ‘वॉर गेम्स’ आले आणि हौशी खेळाडूंची नवी पिढी तयार झाली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ च्या खेळाचे सहनिर्माते गॅरी गायगॅक्स हे याच परंपरेतले. ‘लिटल वॉर्स’च्या एका नव्या आवृत्तीला प्रस्तावना त्यांचीच आहे. ‘वॉरहॅमर’ १९८३ मध्ये आले.

फरक पडला तो रंगाच्या बाबतीत. वेल्स यांचे सैनिक रंगवलेलेच खोक्यातून येत. आज प्लास्टिकचे सुटे भाग येतात. ते जोडायचे, वर प्रायमरचा हात द्यायचा, मूळ रंग भरायचे. मग पातळ गडद रंग सोडायचा, तो कपड्यांच्या चुण्यांत साचून सावली तयार करतो. शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवायचा, म्हणजे कडा उजळतात. एवढ्याशा आकृतीवर खरा प्रकाश पुरेशी सावली पाडत नाही, म्हणून ती रंगाने काढावी लागते. एका सैनिकाला दोन-तीन तास सहज जातात, सेनापतीला कित्येक संध्याकाळी.

वेल्स यांची तोफ या खेळातून गेली आणि तिच्या जागी फासे आले. त्याला कारणे अनेक असतील, पण एक अगदी साधे आहे. दुकानातून डझनाने आणलेल्या शिपायावर लाकडी दांडका मारायला कोणाचे काही जात नव्हते. फार तर मुंडके उडायचे, ते काडेपेटीच्या काडीने पुन्हा मानेत बसवायचे. तीन रात्री जागून, डोळ्यांच्या बुबुळापर्यंत स्वतः रंगवलेल्या सैनिकावर मात्र कोणीच नेम धरू देत नाही.